यादीत नाव येईपर्यंत

प्रतीक्षा हा शब्द आम्हां वैद्यकीय व्यावसायिकांना नवा नाही. गाठीचा तुकडा तपासणीसाठी पाठविला आहे, अहवाल यावयास चार-पाच दिवस लागतील, असे सांगितल्यावर समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर उमटणारी छाया आपण नित्य पाहतो. त्या चार दिवसांत रोग फारसा वाढत नाही किंवा कमीही होत नाही. पण घर मात्र बदलून जाते. जेवणाच्या वेळा चुकतात, फोन वाजला की सारे दचकतात, आणि जो तो दुसऱ्यासमोर निर्धास्त असल्याचा आव आणतो.

अशीच एक प्रतीक्षा कोणतेही आजारपण नसताना कित्येक घरांत मुक्कामाला येते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाण्याचा निश्चय केलेला असतो. लेखी परीक्षा झालेली असते, मुलाखत झालेली असते, आणि आता हातात काही उरलेले नसते. या प्रतीक्षेशी भोपाळ शहराचे नाते विशेष निकटचे आहे. सेनादलांसाठी अधिकारी निवडणारी लष्कराची केंद्रे देशात मोजकीच आहेत. प्रयागराज, बेंगळुरू आणि पंजाबातील केंद्रांबरोबर मध्य विभागाचे केंद्र आपल्या भोपाळात, सुलतानिया इन्फन्ट्री लाइन्समध्ये आहे. नौदलाचे एक निवड मंडळही येथेच आहे. संस्थानकाळातील फौजेची आठवण सांगणाऱ्या या परिसरात वर्षभर देशाच्या कानाकोपऱ्यांतून तरुण येतात आणि काही दिवसांत परत जातात. १९५६ साली भोपाळ राजधानी झाल्यावर नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरहून येऊन येथे स्थिरावलेल्या मराठी घरांपैकी अनेकांना हा अनुभव आहे. अमरावतीच्या मामेबहिणीचा मुलगा ‘एस.एस.बी.’साठी येतोय, दोन रात्री आधी तुमच्याकडे उतरेल, असा निरोप कधी ना कधी आलेला असतोच. मग पुढे काय झाले, हे विचारावे की न विचारावे, असा पेचही पडलेला असतो.

चाळणीमागून चाळणी

या प्रतीक्षेचे स्वरूप कळण्यासाठी निवडीची वाट समजून घेणे आवश्यक आहे. संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा ही परीक्षा घेतो. उमेदवाराचे वय साधारणपणे साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या दरम्यान असावे लागते. लेखी परीक्षा ९०० गुणांची असते. त्यांत गणिताचे ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीचे ६०० गुण. तीत उत्तीर्ण होणाऱ्यांना सेवा निवड मंडळापुढे, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘एस.एस.बी.’पुढे जावे लागते. त्या मुलाखतीचेही तितकेच, ९०० गुण. नंतर वैद्यकीय तपासणी आणि शेवटी गुणवत्ता यादी.

२०२४ सालच्या पहिल्या परीक्षेचे उदाहरण घेऊ. लेखी परीक्षा २१ एप्रिल २०२४ रोजी झाली. अंतिम यादी ऑक्टोबरमध्ये लागली आणि अभ्यासक्रम जानेवारी २०२५ मध्ये सुरू व्हायचा होता. अर्ज भरण्याची मुदत त्याआधी, डिसेंबर-जानेवारीत होती. म्हणजे अर्ज भरल्यापासून प्रबोधिनीच्या दारात पाऊल पडेपर्यंत जवळजवळ एक वर्ष लोटते. याच वर्षात बारावीची परीक्षा असते, महाविद्यालयांचे प्रवेश असतात, अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शाखेच्या जागा घ्यायच्या की सोडायच्या याचा निर्णयही असतो. आयुष्यातील सर्वांत गजबजलेले वर्ष आणि सर्वांत लांबलेली प्रतीक्षा एकाच वेळी येतात, आणि ती सोसण्यासाठी वय असते अवघे सतरा.

भोपाळचे पाच दिवस

मंडळाची मूळ रचना पाच दिवसांची. पहिल्या दिवशी बुद्धिमापन होते. मग एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवून त्यावर गोष्ट लिहायला सांगतात आणि त्या गोष्टींवर गटात चर्चा घडवितात. त्याच दिवशी पहिली चाळणी होते. जे गळतात त्यांना दुपारीच निरोप दिला जातो. दीड-दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून आलेला मुलगा काही तासांतच परतीच्या गाडीची चौकशी करू लागतो.

राहिलेल्यांच्या छातीवर क्रमांक लागतो आणि पुढील दिवसांत मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरील गटकार्ये व प्रदीर्घ मुलाखत होते. मानसशास्त्रीय चाचण्यांत एका कोऱ्या पाटीसह बारा चित्रांवर बारा गोष्टी लिहायच्या असतात. साठ शब्द एकामागून एक दाखविले जातात व प्रत्येक शब्दावर पंधरा सेकंदांत मनात येईल ते वाक्य लिहायचे असते. नंतर साठ प्रसंग आणि अर्धा तास. विचार करून सजवून लिहिण्यास उसंत मिळू नये, असाच हा हिशेब आहे. शेवटच्या दिवशी सर्व परीक्षक एकत्र बसतात. उमेदवार एकेक करून आत जातो, दोन-चार साध्या प्रश्नांची उत्तरे देऊन बाहेर येतो. मग सर्वांना ओळीने बसवून शिफारस झालेल्यांचे क्रमांक वाचले जातात. एका तुकडीतून कधी पाच-सात, कधी दोन, तर कधी एकही नाही. ज्यांचे क्रमांक वाचले गेले ते वैद्यकीय तपासणीसाठी थांबतात. उरलेले सामान आवरून स्थानकाकडे निघतात.

या परीक्षेचे जनक

आपल्या व्यवसायबंधूंना कदाचित ठाऊक नसेल, पण या परीक्षापद्धतीच्या पायाचे बरेचसे दगड डॉक्टरांनीच घातलेले आहेत. शब्द ऐकताच मनात काय उमटते यावरून अंतरंगाचा शोध घेण्याची चाचणी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झुरिकच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. कार्ल युंग यांनी विकसित केली. चित्रावरून गोष्ट रचण्याची चाचणी हेन्री मरे आणि क्रिस्तिआना मॉर्गन यांनी १९३५ साली प्रसिद्ध केली. मरे हे मुळात वैद्यकीय पदवीधर. गटावर कोणताही नायक न नेमता त्याच्यावर काम सोपवावे आणि कोण कसा वागतो ते पाहावे, ही कल्पना डॉ. विल्फ्रेड बायन यांची. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या सुमारास, ब्रिटिश सैन्यासाठी अधिकारी निवडताना त्यांनी ती वापरात आणली. या बायनसाहेबांचा जन्म आपल्या मथुरेचा, सन १८९७ चा. पहिल्या महायुद्धात ते रणगाडा दलात लढले, त्यांना शौर्यपदक मिळाले, आणि नंतर लंडनला वैद्यक शिकून ते मनोविश्लेषक झाले. युद्धभूमी आणि रुग्णालय दोन्ही पाहिलेला हा माणूस होता. ब्रिटनमधील प्रयोगाच्या धर्तीवर १९४३ मध्ये डेहराडूनला एक प्रायोगिक मंडळ स्थापन झाले, आणि आज भोपाळात चालते ती पद्धत त्याच परंपरेतील आहे.

हे सांगण्याचे कारण केवळ व्यवसायाभिमान नव्हे. ही चाचणी कशासाठी जन्माला आली ते यावरून कळते. एका विशिष्ट कामासाठी, म्हणजे संकटकाळी माणसांच्या लहानशा गटाचे नेतृत्व करण्यासाठी, हा तरुण आज योग्य आहे काय, एवढाच प्रश्न तिला विचारायचा असतो. तो बुद्धिमान आहे का, सज्जन आहे का, आयुष्यात पुढे काही करील का, हे प्रश्न तिच्या कक्षेत नाहीत. एकच उमेदवार वयोमर्यादेत राहून पुनःपुन्हा मंडळापुढे जाऊ शकतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात निवडले गेलेले अधिकारी सेनादलांत पुष्कळ आहेत. मंडळ स्वतःच आपला मागचा निर्णय अखेरचा मानीत नाही. अपवाद आहे तो वैमानिकांच्या यांत्रिक कौशल्यचाचणीचा. ती आयुष्यात एकदाच देता येते. त्या एका दारावर कायमची कडी लागते. बाकीची दारे केवळ लोटलेली असतात.

कारणाविना नकार

असे असूनही मंडळाचा नकार इतका का बोचतो? माझ्या मते याचे उत्तर वैद्यकातच सापडते. नकार देताना मंडळ कारण सांगत नाही. लेखी परीक्षेत नापास झालेल्याला गणित कच्चे राहिले हे कळते. येथे मात्र पाच दिवस आपले मन, वाणी, शरीर सारे तपासले गेले आणि शेवटी केवळ आपला क्रमांक वाचला गेला नाही, इतकेच हाती येते.

निदान न सांगता रुग्णाला घरी पाठविले तर काय होते, हे आपण जाणतो. रुग्ण निदानाविना राहत नाही. तो स्वतःचे निदान स्वतःच तयार करतो, आणि ते बहुधा खऱ्या रोगापेक्षा भयंकर असते. निवड न झालेला मुलगा नेमके हेच करतो. माझे इंग्रजी कच्चे म्हणून झाले, मी ठेंगणा म्हणून झाले, वडिलांची नोकरी लहान म्हणून झाले, असे म्हणता म्हणता तो ‘मुळात माझ्यातच काही कमी आहे’ या निष्कर्षावर येतो. घरातील माणसे अजाणता या निदानात भर घालतात. ‘तू गटात बोललाच नसशील’, ‘तरी मी सांगत होतो’, ‘शेजारच्यांचा मुलगा पहिल्या फटक्यात झाला’ ही वाक्ये म्हणजे अप्रशिक्षित माणसाने लिहून दिलेली औषधेच होत.

अशा वेळी डॉ. अब्दुल कलामांची गोष्ट हमखास सांगितली जाते. हवाई दलाच्या निवडीसाठी ते डेहराडूनला गेले. पंचवीस उमेदवारांतून आठ घ्यायचे होते आणि त्यांचा क्रमांक नववा लागला. ‘अग्निपंख’ मराठीत आल्यापासून हा प्रसंग घरोघरी पोहोचला आहे. पुढे राष्ट्रपती या नात्याने ते तिन्ही दलांचे सर्वोच्च सेनापती झाले, आणि जून २००६ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावरून त्यांनी सुखोई विमानातून उड्डाणही केले. गोष्ट खरी आहे, सुंदर आहे. पण ती कधी सांगावी याला वेळ असते. ज्या संध्याकाळी मुलगा भोपाळहून रिकाम्या हाताने परततो, त्या संध्याकाळी त्याला राष्ट्रपती व्हायचे नसते. त्याला भूक लागलेली असते, झोप आलेली असते, आणि कोणी काही विचारू नये असे वाटत असते. प्रत्येक नववा कलाम होत नाही, आणि न झाला तरी त्याचे काही बिघडत नाही, हेही त्याला कधीतरी सांगितले पाहिजे.

जेथे कारण कळते

वैद्यकीय तपासणीचा टप्पा याच्या नेमका उलट आहे. येथे अपात्रतेचे कारण सांगितले जाते, दोष दुरुस्त होण्यासारखा असेल तर उपचारास मुदत मिळते, आणि विहित काळात अपील करता येते. म्हणूनच या टप्प्यावर आपल्यासारख्यांचा खरा उपयोग आहे. नाकाचा वाकडा पडदा, कानाच्या पडद्याचे छिद्र, हायड्रोसील, सपाट तळवे, एकमेकांना घासणारे गुडघे, प्रमाणाबाहेरचे वजन, ही कारणे वारंवार पुढे येतात. यांतील काही उपचारांनी दूर होतात, काही होत नाहीत. पण बहुतेक सारी नववी-दहावीतच एका साध्या तपासणीत लक्षात येऊ शकतात.

रंगदृष्टीचे उदाहरण तर विशेष बोलके आहे. ठिपक्यांच्या वर्तुळातून आकडा ओळखण्याच्या ज्या पाट्या आपण वापरतो, त्या डॉ. शिनोबु इशिहारा या जपानी लष्करी डॉक्टरांनी तयार केल्या व १९१७ साली प्रसिद्ध केल्या. सैनिकांची रंगदृष्टी पारखण्यासाठीच त्यांना हे काम दिले गेले होते. रंगांधत्व मुलींपेक्षा मुलांत कितीतरी अधिक आढळते आणि त्यावर उपचार नाही. रंगदृष्टीचे निकष सेनादलांच्या शाखेनुसार वेगवेगळे असून वैमानिकांसाठी ते अतिशय कडक आहेत. दोन वर्षे शिकवणी लावून, आकाशाकडे डोळे लावून बसलेल्या मुलाला हे सत्य अखेरच्या टप्प्यावर कळावे, याहून क्रूर गोष्ट नाही. आणि पाच मिनिटांच्या तपासणीने ती टाळता येते. तीच गोष्ट चष्म्याची. नंबर घालविणाऱ्या शस्त्रक्रियेची घाई करण्यापूर्वी त्या वर्षीची नियमावली वाचणे आवश्यक आहे. कारण ज्या शस्त्रक्रियेने चष्मा जातो, तीच अपात्रतेचे कारण ठरू शकते.

नाव आहे, जागा नाही

मंडळाची शिफारस आणि तपासणीतील ‘फिट’ हा शेरा मिळाल्यावर लोक पेढे वाटतात. प्रतीक्षेचा सर्वांत कठीण भाग मात्र येथून पुढे असतो. २०२४ च्या पहिल्या परीक्षेसाठी प्रबोधिनी आणि नौदल अकादमी मिळून एकूण जागा ४०० होत्या; अंतिम यादीत नावे आली ६४१. ही यादी वैद्यकीय तपासणीचे निकाल विचारात न घेता लावलेली असते. म्हणून पहिल्या चारशेंतले काही आरोग्याच्या कारणाने गळतात, काही दुसरी वाट धरतात, आणि मागच्यांना पुढे सरकता येते. साडेचारशेव्या क्रमांकाच्या मुलाने काय करावे? त्याचे नाव आयोगाच्या यादीत आहे, नातेवाइकांचे अभिनंदनाचे फोन येऊन गेले आहेत. पण रुजू होण्याचे पत्र येईल की नाही, हे त्याला कोणी सांगू शकत नाही. अनोळखी मुलांच्या न आलेल्या पत्रांवर त्याचे पत्र अवलंबून असते. दुसऱ्याचे अनिष्ट न चिंतता आपली पाळी येण्याची वाट पाहणे, ही सतराव्या वर्षी मोठीच कसोटी आहे.

मुलींनी तर या दाराबाहेर कित्येक दशके वाट पाहिली. प्रबोधिनीची कोनशिला ६ ऑक्टोबर १९४९ रोजी बसविली गेली. मुलींना परीक्षेस बसू देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा अंतरिम आदेश १८ ऑगस्ट २०२१ रोजी निघाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात झालेल्या परीक्षेसाठी सुमारे १ लाख ७७ हजार मुलींनी अर्ज केले. लेखी परीक्षेत उत्तीर्ण झाल्या सुमारे एक हजार, आणि त्यांच्यासाठी जागा होत्या १९. त्या तुकडीतील १७ मुली ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याहून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. त्या संचलनाचे कौतुक योग्यच होते. पण एक लाखाहून अधिक घरांत त्या वर्षी ‘नाही’ हे उत्तर पोहोचले, आणि त्या घरांनी ते कसे ऐकले, याची नोंद कोणी ठेवली नाही.

घराची परीक्षा

उमेदवाराची परीक्षा मंडळ घेते; प्रतीक्षेची परीक्षा घराची असते. या काळात घराने काय करावे, याबद्दल काही गोष्टी अनुभवाने सांगता येतात.

पहिली गोष्ट, दुसरी वाट बंद करू नये. यादी लागायची आहे म्हणून महाविद्यालयात नाव न घालणे हे निष्ठेचे लक्षण नव्हे. पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा आहे, अभियंत्यांसाठी वेगळी भरती आहे, एन.सी.सी.च्या छात्रांसाठी स्वतंत्र प्रवेश आहे, आणि ज्याला आपली वाट धरायची आहे त्याच्यासाठी १९४८ मध्ये स्थापन झालेले पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे. गणवेशाकडे जाणारे रस्ते अनेक आहेत, हे मुलाला नकार मिळण्यापूर्वी माहीत असले पाहिजे. नंतर सांगितले तर ते केवळ समजूत घालण्यासारखे वाटते.

दुसरी गोष्ट, रोज विचारू नये. निकाल लागला की मुलाला सर्वांत आधी कळणार आहे. त्याच्या पळण्याची, व्यायामाची, वाचनाची वेळ निकालावर टांगून ठेवू नये; ती चालू राहिली की दिवसांना आधार मिळतो.

तिसरी गोष्ट डॉक्टर म्हणून सांगावीशी वाटते. नकारानंतर आठ-पंधरा दिवस उदास राहणे स्वाभाविक आहे. पण झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, मित्रांना टाळणे, जगण्यालाच अर्थ नाही असे बोलणे सुरू झाले, तर ‘सैनिक व्हायला निघालेला मुलगा असा रडतो का’ असे म्हणून ते उडवून लावू नये. जगणे नकोसे झाल्याचे बोलणे कानावर आले तर एक दिवसही दवडू नये. मनोविकारतज्ज्ञांकडे नेण्यात कमीपणा नाही. ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवाही १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे.

आपल्याला काय करता येईल

भोपाळच्या मराठी डॉक्टरांना आणि समाजाला या बाबतीत दोन कामे सहज करता येतील. पहिले काम वर्षातून एका रविवारचे. सेनादलांत जाऊ इच्छिणाऱ्या नववी-दहावीच्या मुलामुलींची डोळे, कान-नाक-घसा, अस्थी आणि सर्वसाधारण प्रकृतीची तपासणी आपल्यातील तज्ज्ञांनी मिळून करावी आणि काय दुरुस्त होईल, काय होणार नाही, ते पालकांना स्पष्ट शब्दांत सांगावे. आपला अभिप्राय लष्करी मंडळाचा निर्णय नव्हे, हेही त्याच वेळी सांगावे.

दुसरे काम याहून सोपे आहे. निवड मंडळासाठी भोपाळला येणाऱ्या मुलांना येताना उतरायला घर मिळते. पण निकालानंतर बहुतेक मुले थेट स्थानक गाठतात. ज्या घरातून शुभेच्छा घेऊन निघालो तेथे हात हलवीत कसे जावे, हा त्यांचा संकोच असतो. तो संकोच आपणच आधी दूर करावा. मुलगा पहिल्या दिवशी निघताना त्याला सांगावे, की काहीही होवो, परतीच्या गाडीपूर्वी जेवायला इकडेच यायचे. आणि तो आला तर त्याला निकाल विचारू नये. ताट वाढावे, गाडीची वेळ विचारावी आणि स्थानकापर्यंत सोबत जावे.